एक लॅपटॉप, तीन खाती: 'जीएच'ची खातेबदल सोय वापरून पाहताना

रत्नागिरीत घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचे काम करताना माझ्या एकाच लॅपटॉपवर हळूहळू कोड ठेवण्याची तीन खाती नांदू लागली. पहिले गिटहबवरचे माझे स्वतःचे, ज्यात एका बागायतदार स्नेह्यांच्या आंबाविक्रीच्या संकेतस्थळाचा कोड आहे. दुसरे कंपनीने काढून दिलेले, तेही गिटहबवरच. आणि तिसरे गिटलॅबवरचे, जे एका जुन्या ग्राहकापायी ठेवावे लागले आहे. गिटलॅबचा पत्ताच निराळा असल्यामुळे त्याचा जाच जवळजवळ नाही. खरी ओढाताण होते ती एकाच गिटहबवरच्या दोन खात्यांची, कारण लॅपटॉपच्या दृष्टीने दोघांचेही दार एकच असते आणि दार ठोठावणारा कोण, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. गिटहबचे कमांड-लाइनवरचे अधिकृत साधन, म्हणजे 'जीएच', यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये २.४० या आवृत्तीपासून एकाहून अधिक खात्यांची सोय देऊ लागले. त्या सोयीचे हे परीक्षण आहे. पण एसएसएचची, म्हणजे पासवर्डऐवजी लॅपटॉपवरच्या किल्ली-फाइलने ओळख पटवून जोडण्याची, जुनी पद्धत शेजारी ठेवल्याशिवाय तिचे मोल कळत नाही, म्हणून दोन्हींबद्दल लिहितो. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो: जीएच माझ्या लॅपटॉपवर राहिले आहे, परंतु पुशचे, म्हणजे कोड गिटहबवर चढवण्याचे, काम मी त्याच्याकडून काढून घेतले आहे.

मुळात दोन खाती हवीतच का, हा प्रश्न रास्त आहे आणि गिटहबचे स्वतःचे उत्तर बहुतेकांसाठी 'नकोत' असेच आहे. एकाच खात्याला अनेक ईमेल पत्ते जोडता येतात, संस्थेनुसार सूचना वेगवेगळ्या पत्त्यांवर वळवता येतात आणि नोकरी सुटली की संस्थेतून नाव काढले म्हणजे भागते. त्यांच्या सेवाशर्तींप्रमाणे एका व्यक्तीला मोफत खाते एकच ठेवता येते. यंत्राकरवी चालणारे एखादे खाते त्याशिवाय चालते. म्हणजे हौसेखातर दोन मोफत खाती काढून बसणे नियमातही बसत नाही. परंतु अनेक मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांची खाती स्वतःच्या ओळख-व्यवस्थेतून तयार करतात आणि अशा खात्याला कंपनीच्या आवाराबाहेर कोड ढकलता येत नाही, सार्वजनिक प्रकल्पावर साधी टिप्पणीही करता येत नाही. तिथे दुसरे खाते ही गरज होऊन बसते. ज्यांच्यावर अशी सक्ती नाही त्यांनी पुढचे वाचण्याआधी एकाच खात्यावर भागते का, हे एकदा तपासून पाहावे. माझे भागले असते तर मी हा खटाटोप केला नसता.

आता जीएच. उभारणी खरोखर सोपी आहे. 'जीएच ऑथ लॉगिन' म्हटले की ते दोनचार प्रश्न विचारते, आठ अक्षरांचा एक संकेत पडद्यावर दाखवते आणि ब्राउझर उघडून तो तिथे टाकायला सांगते. टोकन (पासवर्डऐवजी चालणारी लांबलचक खूण) तयार करा, त्याला हक्क नेमून द्या, ते कुठेतरी लिहून ठेवा, हा जुना व्याप उरत नाही. मिळालेले टोकन ते शक्यतो संगणकाच्या स्वतःच्या तिजोरीत ठेवते, म्हणजे विंडोजवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये आणि मॅकवर कीचेनमध्ये. अशी तिजोरी सापडलीच नाही तर मात्र साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहिते, हे लिनक्सवाल्यांनी ध्यानात ठेवावे. दुसरे खाते जोडण्यासाठी तीच आज्ञा पुन्हा द्यायची. इथे एक खाच आहे. संकेत टाकताना ब्राउझरमध्ये ज्या खात्याचे लॉगिन चालू असेल त्याच खात्याचे टोकन मिळते, आणि माझ्या ब्राउझरमध्ये दिवसभर कंपनीचे खाते उघडे असल्यामुळे मी पहिल्या खेपेस मोठ्या उत्साहाने कंपनीचेच खाते दुसऱ्यांदा जोडून ठेवले. खासगी विंडो उघडून तिथे आपल्या नावाने लॉगिन केले की हा घोळ टळतो. मी पुढे ब्राउझरची दोन प्रोफाइलच करून टाकली आणि एकाच्या कडेला आंब्याचा पिवळा रंग दिला.

दोन्ही खाती जोडून झाली की 'जीएच ऑथ स्टेटस' दोघांची यादी देते आणि सध्या कोणते चालू आहे ते सांगते. 'जीएच ऑथ स्विच' म्हटले की, खाती दोनच असतील तर, काहीही न विचारता चालू खाते बदलते. अधिक असतील तर कोणते हवे ते विचारते. एका ओळीत बदल होतो, नेट लागत नाही, पासवर्ड लागत नाही. पहिले दोन आठवडे मी या आज्ञेवर बेहद्द खूश होतो.

अडचण अशी की हा बदल सगळ्या लॅपटॉपला लागू होतो. एका खिडकीत कंपनीचा रेपो (प्रकल्पाच्या कोडचा साठा) आणि दुसऱ्या खिडकीत आंब्याचे संकेतस्थळ उघडे असेल आणि पहिल्या खिडकीत मी खाते बदलले, तर दुसऱ्या खिडकीतही ते बदलते, तिथे त्याचा मागमूस न दिसता. कोणत्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते पाहून जीएच आपण होऊन खाते बदलत नाही. ही मर्यादा त्याच्या दस्तऐवजात सरळ नोंदलेली आहे, त्यामुळे फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. पर्याय म्हणून फोल्डरगणिक वेगळा टोकन-चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) किंवा वेगळी सेटिंग-डिरेक्टरी ठरवून देता येते, पण तसे करायचे ठरवले की 'एका आज्ञेत खातेबदल' ही त्याची मुख्य जाहिरातच बाजूला पडते.

दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे आणि तिनेच मला पकडले. नवा लॅपटॉप घेतला तेव्हा सर्वांत आधी आंब्याच्या संकेतस्थळाचे काम पुढ्यात होते, म्हणून गिटच्या, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या मूळ साधनाच्या, सर्वसाधारण सेटिंगमध्ये मी लेखकाचे नाव 'आमराई' आणि माझा खासगी ईमेल पत्ता लिहून मोकळा झालो. पुढे कंपनीचे काम सुरू करताना प्रत्येक वेळी न चुकता जीएचवरून खाते बदलले, पुश विनातक्रार झाले, आणि आपली व्यवस्था चोख आहे अशा समाधानात मी तीन आठवडे काढले. मग टीम लीडचा फोन आला. 'अहो, हा आमराई नावाचा माणूस आपल्या रेपोत कधीपासून काम करतोय?' त्यांनी अगदी गंभीरपणे विचारले. जीएचने चालू खाते बदलले होते, पण गिटच्या सेटिंगमधले लेखकाचे नाव आणि ईमेल यांना ते हात लावत नाही; माझे एकूण एक कमिट, म्हणजे बदलांच्या नोंदी, आमराईच्या नावावर पडले होते. शाखा सर्वांच्या वापरातली असल्याने मागचा इतिहास फिरवून लिहिणे शक्य नव्हते. शेवटी रेपोमध्ये 'मेलमॅप' फाइल घालून गिटच्या लॉगमध्ये तरी आमराई म्हणजे मीच, एवढी नोंद करून घेतली. दोष पूर्णपणे माझा होता, पण ही सोय वापरणाऱ्या कोणाचाही असाच समज होण्याची शक्यता मोठी आहे.

हा घोटाळा आमच्याकडच्या माणसाला पेटीच्या भाषेत चटकन कळतो. पेटीवर कोणत्या बागेचे नाव छापायचे हे पेटी भरणाऱ्याच्या हातात असते. वाशीच्या बाजारात गाडी आत येते तेव्हा गेटवर नोंद होते ती गाडीची आणि आणणाऱ्याची. कमिटवरचे नाव आणि ईमेल ही पेटीवरची छपाई आहे, तिची खातरजमा गिट करत नाही, तिथे कोणीही काहीही लिहू शकतो. टोकन किंवा एसएसएचची किल्ली हा गेटवरचा परवाना आहे. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते छपाईवर भरवसा ठेवता येत नव्हता म्हणूनच. कोडच्या बाबतीत त्या मानांकनाच्या जागी कमिटवरची सही आहे, आणि गिटच्या २.३४ या आवृत्तीपासून ती एसएसएचच्या किल्लीनेही करता येते, त्यासाठी जीपीजी हे सहीचे निराळे साधन शिकावे लागत नाही. खाती अनेक असताना छपाई आणि परवाना या दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या पाहिजेत, आणि जीएच त्यांतली एकच बदलते.

म्हणून मी एसएसएचकडे परत वळलो. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले, तेव्हापासून टोकन किंवा किल्ली यांपैकी एक घ्यावेच लागते. एसएसएचमध्ये प्रत्येक खात्यासाठी वेगळी किल्ली लागते, कारण एकच किल्ली गिटहब दोन खात्यांना लावू देत नाही. दुसऱ्या खात्यात ती चिकटवली की 'की इज ऑलरेडी इन यूज' असे उत्तर मिळते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे: एसएसएचने जोडताना सर्वजण 'गिट' याच एका वापरकर्त्याच्या नावाने आत येतात, त्यामुळे समोरचा कोण आहे हे ओळखायला गिटहबकडे किल्लीखेरीज दुसरी खूणच नसते.

हे किती शब्दशः खरे आहे ते शेजारच्या मुलाकडे पाहायला मिळाले. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि घरातला संगणक आधी त्याच्या मोठ्या बहिणीचा होता. एका रविवारी तो आला आणि म्हणाला, 'काका, रेपो ब्राउझरमध्ये समोर दिसतोय, मग हा नॉट फाउंड कसा म्हणतो?' खासगी रेपोच्या बाबतीत गिटहब परक्याला 'परवानगी नाही' असे सांगत नाही, रेपो अस्तित्वातच नसल्यासारखे वागते. परवानगी नाही म्हटले तरी अमुक नावाचा रेपो आहे एवढी बातमी बाहेर जाते, म्हणून ही खबरदारी. मी त्याला एसएसएचची चाचणी-आज्ञा द्यायला सांगितली, जिच्या उत्तरादाखल गिटहब 'हाय' म्हणून खात्याचे नाव घेते. पडद्यावर उमटलेली ओळ वाचून तो खुर्चीतच मागे सरकला. 'अरे, हे तर ताईचं नाव!' ताई वर्षभरापूर्वी नोकरीसाठी मुंबईला गेली होती, पण तिची किल्ली संगणकात तशीच होती आणि त्याचा प्रत्येक पुश तिच्या नावाने दार ठोठावत होता. त्याला मी एसएसएचच्या सेटिंगच्या भानगडीत पाडले नाही. एका संगणकावर दोन माणसे असतील तर विंडोजमध्येच दोन वापरकर्ते करावेत, म्हणजे किल्ल्या, टोकन, ब्राउझर सारेच वेगळे होते. मी सांगतो आहे तो सगळा प्रपंच माणूस एक आणि खाती अनेक असतील तेव्हाचा आहे.

तो प्रपंच असा. दोन किल्ल्या काढायच्या, 'ईडी-२५५१९' प्रकारच्या, आणि त्यांच्या फाइलींना ओळखू येतील अशी नावे द्यायची. मग एसएसएचच्या 'कॉन्फिग' फाइलमध्ये एकाच गिटहबला दोन टोपणनावे द्यायची, समजा 'गिटहब-घर' आणि 'गिटहब-काम'. दोघांचाही खरा पत्ता गिटहबचाच, किल्ली मात्र वेगळी. रेपोच्या दुव्यात गिटहबच्या पत्त्याऐवजी टोपणनाव लिहिले की त्या रेपोचे खाते कायमचे ठरले, लक्षात ठेवण्यासारखे काही उरले नाही. यात एक ओळ बहुतेकजण विसरतात आणि मग दिवसभर डोके धरून बसतात: 'आयडेंटिटीज ओन्ली' हा पर्याय 'येस' करायचा. ही ओळ नसेल तर एसएसएच-एजंटने धरून ठेवलेल्या किल्ल्याही एकामागून एक पुढे केल्या जातात, आणि त्यांतली जी पहिली कोणत्याही खात्याशी जुळेल ती गिटहब मान्य करून टाकते. तुम्हाला आत तर घेतले जाते, पण दुसऱ्याच नावाने, आणि पुन्हा तेच 'नॉट फाउंड' समोर येते.

संकेतस्थळावरून दुवा जसाच्या तसा उतरवायचा आणि त्यात दरवेळी हाताने टोपणनाव घालायचे, हे कंटाळवाणे आहे. त्यावर गिटमध्येच 'इन्स्टेड ऑफ' नावाचा उतारा आहे: कंपनीच्या नावाने सुरू होणारा गिटहबचा कोणताही दुवा दिसला की त्याजागी 'गिटहब-काम' वापर, असे एकदा लिहून ठेवले की क्लोन, पुश, सबमॉड्यूल सगळे बिनबोभाट चालते. मला विचाराल तर साऱ्या व्यवस्थेतला हा सर्वांत कमी माहीत असलेला आणि सर्वांत उपयोगी भाग आहे.

किल्लीने परवान्याचा प्रश्न सुटला, छपाईचा उरला. तो गिटच्या 'इन्क्लूड-इफ'ने सुटतो, जे २०१७ मध्ये आलेल्या २.१३ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. माझ्या लॅपटॉपवर 'काम' आणि 'घर' असे दोन फोल्डर आहेत. 'काम'च्या पोटातल्या प्रत्येक रेपोला कंपनीचे नाव, ईमेल आणि सहीची किल्ली आपोआप लागू होते, 'घर'मधल्यांना माझी. फोल्डरच्या मार्गाच्या शेवटी तिरकी रेघ द्यायला विसरू नये, कारण तिच्यामुळेच आतले सगळे रेपो त्या नियमाखाली येतात. ती नसेल तर नियम कशालाच लागू होत नाही आणि गिट चूक झाली असे सांगतही नाही. याच्या जोडीला सर्वसाधारण सेटिंगमधून नाव आणि ईमेल पुसून टाकले आणि 'यूज-कॉन्फिग-ओन्ली' चालू केले. आता एखादा रेपो चुकून डाउनलोड्समध्ये उतरवला आणि तिथेच कमिट करायला गेलो तर गिट अंदाजाने ओळख ठरवत नाही; 'प्लीज टेल मी हू यू आर' असे विचारून थांबते. आमराईचे प्रकरण घडले तेव्हा हे दोन्ही केलेले असते तर पहिल्याच कमिटला वाचलो असतो. गिटहबने दिलेला निनावी ईमेल पत्ताही 'घर'च्या सेटिंगमध्ये वापरता येतो. सार्वजनिक रेपोतून खरा पत्ता गोळा करणाऱ्यांपासून त्यामुळे सुटका होते.

एसएसएचच्या विरोधात एक मुद्दा आहे आणि किनारपट्टीवर काम करणाऱ्यांना तो हमखास भेटतो. मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या पावसाने आमच्या आळीतली वीज दिवसभर गेली, म्हणून गणपतीपुळ्याच्या एका लॉजवर जाऊन बसलो, तर तिथल्या वायफायवर एसएसएचचे २२ क्रमांकाचे पोर्ट बंद होते. ब्राउझर झकास चालत होता आणि पुश मात्र अधांतरी लटकत होता. एचटीटीपीएसवर चालणाऱ्या जीएचला ही अडचण येत नाही, हा त्याचा निर्विवाद गुण. पण गिटहब ४४३ या पोर्टवरही एसएसएच ऐकते, फक्त पत्त्याच्या आधी 'एसएसएच' आणि एक टिंब जोडावे लागते. टोपणनावे असल्यामुळे मला कॉन्फिग फाइलीत दोन्ही नावांखाली पत्ता आणि पोर्ट तेवढे बदलावे लागले, एकाही रेपोला हात लावावा लागला नाही. ते बदल मी नंतर परत फिरवलेच नाहीत, घरीही ४४३ वरच चालते.

ज्यांना एसएसएच अजिबात नको त्यांच्यासाठी 'गिट क्रेडेन्शियल मॅनेजर' हा मधला मार्ग आहे आणि तो विंडोजवर गिटबरोबरच येतो. रेपोच्या एचटीटीपीएस दुव्यात गिटहबच्या पत्त्याआधी खात्याचे नाव आणि ॲटचे चिन्ह घातले की तो त्या खात्याचे टोकन निवडतो. घातले नाही तर कोणते खाते हवे ते विचारतो. मी तो पंधरा दिवस वापरला, बरा वाटला, त्याहून जास्त सांगण्यासारखे काही नाही.

मग जीएच लॅपटॉपवर कशाला ठेवले, तर पुल रिक्वेस्ट (आपले बदल सामावून घेण्याची विनंती) उघडणे, तपासणीचे निकाल पाहणे, इश्यूंची (प्रकल्पातल्या कामांच्या आणि तक्रारींच्या नोंदींची) यादी काढणे यांसाठी. त्यात ते फार चांगले आहे आणि मी ते रोज वापरतो. त्यावर चालू खाते आता कायम कंपनीचे असते. आंब्याच्या संकेतस्थळाचे इश्यू पाहायचे असले तर 'जीएच ऑथ स्विच' करतो आणि काम झाले की परत फिरवतो. फिरवायला विसरलो तरी पुश आणि लेखकाचे नाव यांवर त्याचा परिणाम होत नाही, फार तर एखादी यादी रिकामी येते. राहता राहिला माझा कोड-संपादक: त्यातले गिटहबचे लॉगिन या सगळ्यांपासून वेगळे आहे, ते ना फोल्डर पाहते ना जीएचला विचारते, आणि तेवढे मात्र अजून हातानेच बदलावे लागते.